मास्तरबाईंची पाठ

कोट शिवणाऱ्या कारखान्यात तिला सगळे मास्तरबाई म्हणत. कापड कापणं हे तिचं काम, आणि कापणाऱ्याला तिथं 'मास्तर' म्हणत. अठ्ठावीस वर्षं ती त्याच लांब टेबलाशी उभी होती. तिच्या कात्रीखालून कधी बाही उलटी निघाली नाही, हे मालकही मान्य करत. आणि मालक सहसा काही मान्य करणाऱ्यांपैकी नव्हते.

चाळिशीत फुफ्फुसांचं दुखणं मागे लागलं. चार पायऱ्या चढली की छातीचा भाता व्हायचा. डॉक्टरांनी स्टेरॉइडची छोटी पांढरी गोळी सुरू केली आणि आठवड्याभरात बाई पुन्हा टेबलाशी. चेहरा तेवढा गोल झाला. "तब्येत सुधारली की!" असं नवरा म्हणाला. ती गोळी अकरा वर्षं चालली. श्वास नीट चालला होता, म्हणून हाडांची तपासणी करा असं कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचं हिला सुचलं नाही.

एका दुपारी तिनं खालच्या फळीवरून कापडाचा तागा उचलला. वजन नेहमीचंच. पाठीत काहीतरी कट्कन वाजलं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण टेबलावरच्या कापडावर खडूच्या रेघा मारून झाल्या होत्या. टेबलाच्या कडेला पोट टेकून तिनं ते सगळं कापलं आणि मगच घर गाठलं.

नवरा बस चालवून निवृत्त झालेला. पाठदुखीतलं आपल्याला सगळं कळतं असा त्याचा समज. "चमक भरलीय, जाईल," म्हणत त्यानं तीन आठवडे मलम चोळलं. चमक काही जाईना. शेवटी एक्स-रे काढला.

डॉक्टरीणबाईंनी तो उजेडावर धरला. "दोन मणके चेपलेत. हा आत्ताचा. हा वरचा जुना दिसतोय. मागे कधी पडला होतात?"

"नाही. मागच्या वर्षी गादी उलटताना कंबर धरली होती तेवढी."

"कंबर नव्हे, तेव्हाच हा मोडला. इतकी वर्षं स्टेरॉइडची गोळी घेतली की हाडं ठिसूळ होतात."

घरी येऊन तिनं गोळ्यांची पाकिटं कपाटावर फेकली आणि त्या दिवसापासून गोळी बंद केली. चौथ्या दिवशी सकाळपासून उलट्या, धाप, आणि न्हाणीघराच्या दारातच ती मटकन खाली बसली. नवऱ्यानं उचलून दवाखान्यात नेलं.

सलाईन लावता लावता डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी कधीपासून बंद आहे?"

नवरा बायकोकडे बघू लागला. "चार दिवस," ती पुटपुटली.

"अशी एकदम सोडायची नसते. आतापर्यंत स्टेरॉइड बाहेरून मिळत होतं, म्हणून शरीर ते स्वतः तयार करायचं विसरलंय. कमी करू, पण हळूहळू."

खोलीत दोघंच उरल्यावर नवरा म्हणाला, "मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तुम्ही मलम काढलं असतंत."



पुढचं वर्ष कंटाळवाणं गेलं. गोळी महिन्यामहिन्यानं कमी होत गेली, श्वासासाठी फवारा आला, हाडांसाठी वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन. उठताना आधी कुशीवर वळायचं, मग हातावर रेटा देऊन बसायचं, हे ती तान्ह्या मुलासारखं शिकली. एवढं करूनही खोकल्याच्या एका उबळीत तिसरा मणका गेला. तेव्हापासून शिंक येणार असं वाटलं तरी ती भिंत धरायची.

उंची पावणेदोन इंचांनी घटली. स्वतःचा कोट घातला तर मागून वर चढलेला, पुढून लोंबणारा. आरशात तिनं तो परक्या गिऱ्हाइकाचा असावा तसा न्याहाळला, उसवला आणि पोक धरून नव्यानं कापला. बसमध्ये एक तरुणी उठून म्हणाली, "आजी, बसा." बाई बावन्न वर्षांची. राग आला, पण पाठ ठणकत होती, म्हणून बसली.

मग ती मालकांकडे गेली. "टेबल चार इंच उंच करा, मला वाकता येत नाही. तागे दुसरं कुणीतरी उचलेल. मी अर्धा दिवस येईन."

"आणि नाही जमलं तर?"

"तर कात्री तुम्ही धरा."

दुसऱ्या दिवशी टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे आले.

दोन वर्षांनी पुन्हा एक्स-रे झाला. "नवीन काही मोडलेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"म्हणजे बरी झाली?" नवऱ्यानं विचारलं.

"मोडलेले मणके तसेच राहणार. दुखणंही थोडं राहील."

तिनं मान हलवली, पाठीचा पट्टा आवळला आणि कठडा धरून ती दवाखान्याची एकेक पायरी उतरू लागली. घरी जाऊन जरा पडावं असं नवऱ्याचं मत होतं. पण चाळीस कोटांच्या बाह्या कापायच्या राहिल्या होत्या, तेव्हा ती तशीच कारखान्याकडे वळली.