स्टॅट मेक पूनमच्या वाट्याचं होतं

शुक्रवारी स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सचा पेपर आहे आणि तो विषय मला शिकवणारी पूनम आज पहाटे गेली.

डेंग्यू.

एमएस्सी फिजिक्सचा अभ्यास आम्ही दोघींनी वाटून घेतला होता. क्लासिकल मेकॅनिक्स मी करायचं, स्टॅट मेक तिनं. मग पेपरआधी एकमेकींना शिकवायचं.

सगळे सांगत होते, असलं काही करू नका, अंगलट येईल.

तिच्या वाट्याचं पुस्तक नुसतं उघडलं तरी मी लगेच मिटून टाकायचे.

पूनम म्हणायची, "कशाला भितीस? मी हाय की! दोन दिवसात घोटून घेतो तुझ्याकडनं."

मुरगूडची पोरगी. तिकडच्या बायकांसारखी 'मी करतो, मी जातो' असंच बोलायची.

मंगळवारी दवाखान्यात भेटायला गेले. ताप उतरला होता, म्हणून आम्ही सगळे निर्धास्त. डेंग्यूत खरा धोका ताप उतरल्यावर असतो, हे कुणाला माहीत होतं? हाताला सलाईन, तरी म्हणाली, "वही काढ. उगं माझ्यापायी तुझा पेपर बुडंल."

छान शिकवत होती.

मग शांतपणे म्हणाली, "आता इलेक्ट्रॉन घे. इलेक्ट्रॉन म्हंजे बोसॉन."

मला वाटलं, फिरकी घेतेय. इलेक्ट्रॉन फर्मिऑन असतो, हे आमच्यात कुणी झोपेतसुद्धा चुकत नाही.

"फर्मिऑन गं, पूनम."

"न्हाय. बोसॉनच."

डोळे माझ्याकडे होते, पण बघत नव्हते.

वही तिथंच टाकली. पळत सिस्टरकडे गेले. काय सांगावं तेच कळेना. "ती चुकतेय हो, ती कधी चुकत नाही," एवढंच तोंडातून आलं.

सिस्टर आल्या, तिचा हात धरून बघितला आणि डॉक्टरांना हाका मारत धावल्या.

तिला आयसीयूत नेलं. बाहेर काकी, म्हणजे तिची आई, माझं मनगट घट्ट धरून बसलेली. दार वाजलं की आम्ही दोघी दचकायचो. आत कुणी बोलवू नये असं वाटायचं, आणि कुणी बोलवत नाही म्हणूनही जीव जायचा.

आज काकी मलाच म्हणाल्या, "पेपर चुकवायचा न्हाय बाई. तिला न्हाय आवडायचं."

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पण शुक्रवारी तिचा नंबर माझ्याच पुढच्या बाकावर आहे.

सर त्या बाकावर कोरी उत्तरपत्रिका ठेवतील. उशिरा येणाऱ्यांसाठी अर्धा तास थांबतात. मग हजेरीवर लाल पेनानं 'गैरहजर' लिहून ती उचलून नेतील.

पेपरची भीती आता वाटत नाही.

त्या अर्ध्या तासाची वाटतेय. फार वाटतेय.

पूनम, नमस्कार घे गं. सुखानं जा.