तांदळाच्या साबणाच्या चाळीस वड्या आणि अक्कलकोटचं बारसं

“तांदळाचा साबण घेऊन येणार असशील, तर येऊ नगंस,” वन्सं फोनवर म्हणाल्या.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. जतजवळच्या गावात वाढल्या, अक्कलकोटात दिल्या, घरात मारुतीच्या देवळाची सेवा. त्यांच्या नातीच्या बारशाला येणाऱ्या बायकांना हळदीकुंकवाबरोबर मी केलेला साबण द्यावा, असं माझ्या मनात होतं. वन्सांचं म्हणणं, अन्न मोरीत जातं, पाप लागतं. आमच्या ह्यांना रजा नव्हती, पण सल्ला होता. “कशाला वाद? स्टीलच्या वाट्या ने.” तीन वर्षं मी साबण करतेय आणि घरात त्याला अजून ‘तुझा उद्योग’च म्हणतात. माझं डोकं फिरलं. त्याच दुपारी चाळीस वड्या बॅगेत भरल्या आणि सोलापूरमार्गे अक्कलकोटला जायचं पक्कं केलं.

करून बघणाऱ्यांसाठी सांगते. पहिल्या वेळी मी शिजवलेला भात वाटून घातला होता. पंधरा दिवसांत वड्यांना बुरशी आली आणि न्हाणीघरात उभं राहवेना. आता भाताची पेज गाळून फ्रीजरमध्ये गोठवते आणि गॅलरीत, हातमोजे घालून, कॉस्टिक सोडा थोडा थोडा त्यात सोडते. पेज गोठवली नाही तर ती तापून पिवळीजर्द होते. मग तेलात मिसळून घोटायचं, दाटलं की मूठभर तांदळाची पिठी. कापलेल्या वड्या सहा आठवडे वाळवायच्या. घाई केलीत तर कातडी सोलवटेल, मला दोष देऊ नका.

सांगलीहून सकाळची एसटी घेतली. बायकांना तिकीट अर्धं, त्यामुळे खिडकीशी ऐटीत बसले. सांगोल्यापर्यंत वडापाव टाळा, पुढे चहा बरा मिळतो. कंडक्टर बॅगेजवळ थांबला.

“काय हाय ह्यात? लई वास सुटलाय.”

“साबण.”

“मग वर ठिवा की. मागल्या शिटाखाली कोकरू हाय, खाईल त्ये.”

मंगळवेढ्याकडे काळं सपाट रान, नजर जाईल तिथवर ज्वारी. तांदळाचं एक रोप दिसेल तर शपथ. वन्सांचं माहेर असल्याच मुलखातलं, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

सोलापुरात स्टँडजवळ सातशे रुपयांत साधी, स्वच्छ खोली मिळाली. उन्हानं साबणाला घाम फुटला होता, वड्या वर्तमानपत्रावर पसरल्या. त्या गुंडाळायला सुती कापड हवं होतं. नवी पेठेत पायीच फिरा, गर्दीत रिक्षात बसून काही उपयोग नाही. दुकानदारानं कापडाचा भाव सांगितला, माझं तोंड बघितलं आणि म्हणाला, “तुकडेच पायजेत न्हवं? मग हातमागवाल्यांच्या वस्तीत जावा की.”

तिथे भेटल्या नरसम्मा. माझ्याच वयाच्या, घरी तेलुगू, माझ्याशी मराठी. बाहेरच्या खोलीत हातमाग, आणि अंगणात ताणलेल्या सुतावर त्या कुंच्यानं काहीतरी पांढरं फिरवत होत्या. तुकडे कशाला हवेत विचारलं म्हणून मी वडी दाखवली. त्यांनी वास घेतला.

“काय घातलंय ह्यात, अक्का?”

“तांदूळ,” मी म्हटलं आणि बोलणी खायला तयार राहिले.

त्या हसल्याच. “आमी पण तांदूळच लावतो की. ही गंजी. भाताची. ही न्हाय लावली तर सूत मागावर तुटतंय.”

मी वन्सांचं पापाचं म्हणणं सांगितलं. नरसम्मांनी कुंचा पातेल्यात ठेवला. “नवं लुगडं पयल्यांदा धुतलं की गंजी कुटं जाते? मोरीतच जाते की. विचारा तुमच्या वन्सला.”

दीडशे रुपयांत पिशवीभर तुकडे मिळाले आणि वर हा मुद्दा फुकट. त्या रात्री मला शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कलकोट. स्टँडवरून गाड्या सारख्या सुटतात, तासाभराचा रस्ता. मठापलीकडच्या गल्लीत वन्सांचं घर. कानडी आणि मराठी एकाच वेळी कानावर पडत होतं. अंगणात दोरीवर वन्सांच्या यजमानांचं धोतर, खळ देऊन पापडासारखं कडक केलेलं. मी मनात टाळी वाजवली.

स्वयंपाकघरात सात-आठ बायका होत्या. घुगऱ्या शिजत होत्या, भाताचं पातेलं उतरलं होतं. मी सगळ्यांसमोरच विचारलं, “वन्सं, धोतराला खळ कशाची देता?”

“भाताच्या पेजंची. का गं?”

“मग धुतल्यावर ती कुठं जाते? मोरीतच ना?”

एक बाई खुदकन हसली. मी जिंकले होते. वन्सांनी हातातला भाताचा डाव खाली ठेवला.

“पेजंचं मला सांगतीस व्हय? आमच्यात भात सणालाच व्हायचा. आई पेज निथळायची. भात भावाच्या ताटात, पेज माज्या वाटीत. हितं आले, तर आधी पुरुषांची पंगत. बायकांला उरंल तवा. साठी झाली माजी, गरम भात पयल्यांदा माज्या ताटात कवा पडला न्हाय. आन् तू त्यो अंगाला चोळतीस.”

मला फार वाईट वाटलं. आणि रागही आला, वन्सांचा मात्र नाही. त्यांचा तो भाऊ म्हणजे माझा नवरा, आणि आमच्या घरीही पातेल्यातला वरचा मऊ भात आधी त्यांनाच वाढला जातो.

“मग आज आधी आपण बसू,” मी म्हटलं.

तेवढ्यात वन्सांचे थोरले दीर दारात आले. “पयली पंगत बसवा पुरुषांची.”

वन्सं माझ्याकडे बघत होत्या. तशाच बघत म्हणाल्या, “आज न्हाय. आज आधी बायका बसत्यात.”

“असं कुटं असतंय?”

“हितं असतंय. आजपासनं.”

बाळंतिणीपासून शेजारणीपर्यंत सगळ्या बसल्या. मी वाढायला उभी राहिले. ओसरीवर पुरुष घड्याळं बघत होते, बघू देत. वन्सांनी तीनदा भात मागितला, वाफाळता, वर तूप.

पाळणा झाल्यावर त्यांनी माझी बॅग स्वतःच ओढली आणि कुंकू लावून एकेकीच्या हातात वडी ठेवली. “तांदळाचा हाय. पोटभर जेवलीस न्हवं? मग घे.” चाळीसही वड्या संपल्या.

सांगलीला परतले. प्रवासखर्च दोन हजारांच्या आतच झाला, पुन्हा जायचं झालं तर उन्हाळा टाळीन. आणि साबण थांबणार नाही. ज्यांना तो पाप वाटतो, त्यांना आता मी एवढंच विचारते की तुमच्या घरात भात आधी कुणाला वाढतात?

आल्या दिवशी भात केला. पेज निथळली. भात माझ्या ताटात घेतला आणि पेजेची वाटी ह्यांच्यासमोर ठेवली.

“हे काय?”

“तुमच्या बहिणीनं पाठवलंय.”

त्यांनी वाटी तोंडाला लावली. सगळी पेज प्यायले. “लहानपणी अक्काच्या पेजेत मीठसुद्धा नसायचं,” हळूच म्हणाले.

म्हणजे त्यांना माहीत होतं. मिठाची बरणी माझ्या हाताशीच होती. मी ती पुढे केली नाही.