बारवेतले हंडे

माझा नवरा आधी बरीच वर्षं माझा नुसता मित्र होता. कॉलेजात आम्ही एकाच वर्गात होतो. पुढं मी औरंगपुऱ्यातल्या एका क्लासमध्ये इतिहास शिकवू लागले आणि तो पर्यटकांची गाडी चालवू लागला. लेणी बघणाऱ्यांना फर्दापूरला न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं. आमच्यात तसलं काही नाही, हे आम्ही घरच्यांना इतक्यांदा सांगितलं होतं की आम्हालाही ते खरं वाटायचं.

त्याचं घर पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्यापासून आत. घराणं मेंढपाळांचं. मेंढरं विकल्यापासून त्याच्या वडिलांना, आबांना, दिवस जाता जाईना आणि डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली. टेकडीपलीकडं एक जुनी बारव होती. रझाकारांच्या वक्ताला एक जमीनदार पळून जाताना तिच्यात सोन्याचे हंडे टाकून गेला, असं आबांच्या वडिलांनी मेंढरं राखताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं म्हणे.

मी इतिहासाची, म्हणून आबांनी मला बोलावून घेतलं. एका पायरीवर फारसी अक्षरं कोरलेली होती. ओळखीच्या उर्दूच्या मास्तरांकडून मी ती वाचून घेतली. बारव बांधणाऱ्यानं पाणी पिणाऱ्यांकडं दुआ मागितली होती, एवढंच.

"सोन्याचं कुणी दगडावर लिहून ठेवतं व्हय, पोरी?" आबा हसले.

मग आम्ही तिघं दर रविवारी तिथं जाऊ लागलो. माझ्या मित्राचा विश्वास नव्हता, पण बाप एकटा उतरण्यापेक्षा आपण असलेलं बरं, असं तो म्हणे. गाळ उपसायचा, टोपलं दोरीनं वर ओढायचं, बाभळीखाली भाकरी-ठेचा खायचा. एक मातीची चिलीम सापडली, काही खापरं, एका मेंढराचा जबडा. मला त्या रविवारांची ओढ लागली होती आणि ती हंड्यांची नव्हती, हे मी स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी आबा आमच्या आधीच उतरले. आम्ही पोचलो तेव्हा बारवेची एक बाजू ढासळली होती आणि धुरळा अजून हवेत होता. आबा कमरेपर्यंत दगडांखाली. आम्ही हातांनीच दगड उचलू लागलो. शेजारच्या शेतातली माणसं पहारी घेऊन धावली. बाहेर काढलं तेव्हा श्वास चालू होता.

गाडीत मागच्या सीटवर त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. पडेगाव आलं तसे त्यांनी डोळे उघडले.

"निघालं का गं काही?"

आरशातून तो माझ्याकडं बघत होता.

"निघालं, आबा. हंडा निघालाय."

"लई जड आसंल."

"व्हय. लई जड."

ते हसले. दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मान हलवली.

दहाव्यानंतर त्याची माय सारखी विचारायची, शेवटी काय बोलले म्हणून. तिला तेवढंच समाधान, असं वाटून त्यानं सगळं सांगितलं. हंड्याचं मी खोटंच बोलले, हेही सांगितलं. पण मायनं त्यातला हंडा तेवढा धरला. गावात बातमी फुटली. माणसं बारव उकरायला लागली, कुणी आमच्या गाडीची डिकी उघडून बघितली. पोलीस येऊन विचारून गेले.

त्या महिन्यांत तो क्लास सुटायच्या वेळी येऊन जिन्यात बसून राहायचा. एकदा म्हणाला, "आबा हसत गेले. माझ्याच्यानं नसतं झालं ते." मी त्याचा हात धरला. दगडांनी फुटलेली नखं अजून नीट आली नव्हती. तो रडला आणि मग तिथंच, जिन्यात, त्यानं लग्नाचं विचारलं. मी हो म्हणाले. आनंद झाला असं नाही म्हणता येणार. दुसऱ्या कुणाजवळ बसवतच नव्हतं.

नोंदणी लग्न केलं. माझ्या घरून कुणी आलं नाही. माय आली, आता आमच्याकडंच राहते. मी कामावर गेले की माझं कपाट उचकते, परत नीट लावायचंही तिला सुचत नाही. सोन्यासाठी मी तिचा पोरगा केला, असं शेजारणींना सांगते.

एकदा जेवताना मी ताट बाजूला सारून तिच्यासमोर बसले. "माय, मी खोटं बोलले होते. त्यांना बरं वाटावं म्हणून."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं.

"मरणाऱ्या माणसापुढं कुणी खोटं बोलतं का?" ती म्हणाली, आणि भाकरीचा तुकडा मोडून आमटीत बुडवू लागली.