अंगाला उठवणारी लस

पापनाशमजवळच्या खेड्यांत भामा सिस्टरला न ओळखणारं घर शोधून दाखवा! सव्वीस वर्षं मोपेडवरून फिरून बाळांना लस टोचणारी ही नर्स. घरात तंजावूरची मराठी, दारोदार तमिळ. 'इम्युनोजेनिसिटी' हा पुस्तकातला भलामोठा शब्द ती एका दमात उलगडून टाकायची: लसीतली, शरीराला उठवायची ताकद. "लस रोगाशी भांडत नाही हो. भांडायचं ते आपल्या अंगानंच. लस त्याला नुसती हलवून उठवते." बायांना ते पटायचं.

पटलं नव्हतं ते भुवनेश्वरीअक्कांना. नातीला सुई लावू देईनात. भामाने त्यांच्या घरी तीन खेपा घातल्या, तेव्हा कुठे त्या बुधवारी अक्का नातीला घेऊन लसीकरणाला आल्या.

त्या दिवशी चौदा बाळांना टोचून झालं. आवरताना उरलेली कुपी भामाने उजेडात धरली. तळाशी पांढरे कण! हलवली, तर कण पुन्हा झरझर खाली बसले. लस गोठून गेली होती. सकाळच्या घाईत तिने आइसपॅक फ्रीझरमधून काढून तसेच लसीच्या पेटीत भरले होते. त्यांना घाम सुटेपर्यंत बाहेर ठेवायचं, हे नव्या मुलींना शिकवणारी तीच की!

गोठलेल्या लसीने बाळाला सहसा मोठा अपाय होत नाही. पण तिची उठवायची ताकद जाते. म्हणजे कार्डावर शिक्का बसला आणि चौदा बाळं घटसर्प-डांग्या खोकल्यापुढे उघडीच. सांगितलं नाही तर कुणाला कळणार होतं? आणि सांगितलं, तर अक्का पुन्हा ही पायरी चढतील? भामाला रडूच आलं. "तोंड लपवायचं असेल तर सुई खाली ठेव," ती स्वतःवरच खेकसली आणि तिने आरोग्य केंद्राच्या डॉक्टर विनुतांना फोन लावला.

"सांगितलंत ते बरं केलंत, सिस्टर," त्या म्हणाल्या. "नवी लस पाठवते. सगळ्यांना पुन्हा डोस द्या."

दुसऱ्या दिवशी भामा घरोघर गेली. तेरा घरांनी कुरकुर केली, पण हो म्हटलं. चौदावं घर अक्कांचं.

"कालची लस वाया गेली होती, अक्का. चूक माझी. पुन्हा टोचावं लागेल."

"अगो, लाज नाही वाटत?" अक्का कडाडल्या. "माझी नात काय तुझ्या चुकांसाठी आहे?"

"वाटते, म्हणूनच आले. गप्प बसले असते तर तुम्हाला कधीच कळलं नसतं."

अक्कांनी धाडकन दार लावून घेतलं.

पुढच्या बुधवारी तेरा बाळं आली. दुपारी भामा जड मनाने पेटी आवरायला लागली, तर दारात अक्का! कडेवर नात.

"गप्प बसली असतीस तर कळलं नसतं, हे काही डोक्यातून जाईना," त्या फणकारल्या. "टोच. पण आधी कुपी दाखव."

भामाने कुपी हलवून त्यांच्या डोळ्यांपुढे धरली. एकही कण नव्हता. मग टोचली.

गुरुवारी सकाळी अक्कांचा फोन. "पोरीचं अंग तापलंय गो."

"घाबरू नका अक्का, तापाचं औषध..."

"मी कशाला घाबरू? घाबरलीय ती सून. तिला मीच सांगितलं, आत्ता कुठे अंग उठलंय, जरा दंगा करणारच!"