सुगंधाबाईंचे मांडे

शिंदखेड्याकडच्या त्या गावात लग्न ठरलं की मुहूर्ताच्याही आधी सुगंधाबाईंना विचारलं जायचं. खापरावरचे मांडे त्यांच्याशिवाय करणार कोण? पुरण भरलेला गोळा त्या तळहातांवर खेळवत, पसरत पसरत कोपरांपर्यंत नेत आणि पालथ्या खापरावर अलगद सोडत. कुठे भोक पडायचं नाही. बायका नुसत्या बघत राहायच्या.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीत पावसाने दगा दिला, विहिरी तळाला गेल्या. गल्लीतला छगन सुरतेजवळ उधन्याला यंत्रमागावर लागला. त्याने भावाला नेलं, भावाने मेहुण्याला. मग लेकरं घेऊन बायकाही गेल्या. शाळेतला एक मास्तर कमी झाला, दुपारची एसटी बंद पडली. सुगंधाबाईंचा मुलगा रतिलालही उधन्याला गेला. मागे राहिल्या त्या, शेजारच्या भिकुबाई आणि अशीच थोडी म्हातारी माणसं. लग्नं व्हायची, पण तिकडेच. खापर माळ्यावर चढलं ते चढलंच.

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात छगन स्वतः न्यायला आला.

"अक्का, मनी पोरनं लगन शे. तुना हातनाच मांडा पाहिजेत."

खापर जुन्या लुगड्यात गुंडाळून, मांडीवर धरून सुगंधाबाई पॅसेंजरने उधन्याला पोचल्या. चाळीच्या गच्चीवर विटांची चूल मांडली होती. पहिला मांडा खापरावर पडला तशा खालून बायका वर येऊ लागल्या. कुणी पुरण वाटायला बसली, कुणी जाळ घालू लागली. दुपारी आमरसाच्या पंगतीत गावच्या वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंतची सगळी घरं मांडीला मांडी लावून बसली होती. सुगंधाबाई पीठभरल्या हातांनी कठड्याशी उभ्या राहून एकेक तोंड ओळखत राहिल्या.

पंगत उठल्यावर रतिलाल सगळ्या गच्चीवरून हात फिरवत म्हणाला, "माय, आते आठेच ऱ्हाय. बठ्ठं गाव आठेच शे."

"बठ्ठं कसं? भिकुबाई तठेच शे."

चौथ्या दिवशी त्या परतल्या. ओट्यावर म्हातारी मंडळी जमली. सोबत आणलेले मांडे दुधात कुस्करून खाता खाता एकेकाची चौकशी सुरू झाली. वनाला मुलगा झाला, नाकाने अगदी आजोबांवर गेलाय. कमलबाईची सून आता गुजरातीत भांडते. झुलाल रात्रपाळीने वाळलाय. गावात बसून सुगंधाबाई गावाचीच खबर सांगत होत्या.

मग भिकुबाई म्हणाल्या, "पुढला साल मी बी येसू. पुरन कोन वाटी तठे?"

पुढच्या उन्हाळ्यात दोघी मिळून गेल्या. पाच-सहा लग्नं त्यांनी गाजवली. रतिलालने पुन्हा आग्रह केला, छगननेही केला. पण मृगाच्या आधी दोघी एसटीतून उतरल्या, आपापली दारं उघडली आणि अंगणं झाडायला लागल्या.