रिकामा धोटा

पौषातलं धुकं आठ वाजून गेले तरी गल्लीतून हटायला तयार नव्हतं. शेजारच्या नत्थूनं या खांबापासून त्या खांबापर्यंत लुगड्याच्या उभ्या धाग्यांचा ताणा बांधला होता, त्याला खळ लावली होती आणि आता तो उन्हाची वाट पाहत सूर्याला शिव्या घालत होता. कवडू हेडाऊ वाकून वाकून ताण्यातले तुटके धागे शोधत होता आणि ओल्या चिमटीत पीळ देऊन जोडत होता. रविवारचं हे काम तो हौसेनं करी. पोट मात्र त्याचं अकरा वर्षांपासून टॉकीजच्या मशीनवर होतं.

घरचा माग बायको चालवायची, चंद्रकला. पोळ्याला शेवटचं लुगडं उतरलं आणि मागही थांबला. नऊवारी नेसणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून चालल्या होत्या, पोरींना मिलचं पातळ पाहिजे होतं. तेव्हा आज दुपारी चंद्रकलेचा भाऊ ईश्वरदास उमरेडहून येऊन माग सुटा करून नेणार होता. निरोप कवडूनंच धाडला होता.

"अजी, फणीतली टोकं तरी राहू द्या," चहा देताना चंद्रकला म्हणाली.

कोष्ट्याच्या घरी कापड उतरलं तरी जुन्या ताण्याची टोकं फणीतून, मागाच्या त्या कंगव्यातून, काढत नाहीत. वीतभर लोंबत ठेवतात. नवा ताणा आला की त्याच टोकांना धागा धागा करून जोडतात. टोकं काढली की तो माग मेला. या मागाची फणी चंद्रकलेनं नवी नवरी असताना सासूसमोर बसून भरली होती. त्यानंतर जे जे लुगडं निघालं, ते त्याच धाग्यांना जोडून निघालं. सासू जाऊन सहा वर्षं झाली होती.

"लाकूड हाय ते," कवडू म्हणाला. "आल्यावर कापतो. तुले काहून भेव वाटून राहिलं वं?"

"मले कायचं भेव," असं म्हणून ती आत गेली.

दहाला टॉकीजमध्ये फिल्म सोसायटीचा खेळ होता. सोसायटी म्हणजे धरमपेठेतली आणि सिव्हिल लाइन्समधली शंभरेक शिकलेली डोकी. पोलंडचा सिनेमा लागला तर त्यातली वीस यायची आणि दहा झोपायची. पण सेक्रेटरी मनोहररावांनी जपानी भुताचं पिक्चर मागवलं की बाबू, बाबूंच्या स्वेटरवाल्या बायका, मफलर गुंडाळलेले सासरे, सगळी जत्रा लोटायची. भूत पाहायचं होतं, पण भूत म्हणायची लाज वाटे. म्हणून ते त्याला मनोविश्लेषण म्हणत. पक्की घरं, पक्की नोकरी, पुढे पेन्शन. ज्यांच्याजवळ भ्यायला काही उरलं नव्हतं ते लोक रविवारी आंघोळ करून भ्यायला येत, मध्यंतरात कचोरी खात आणि तोंड पुसून पुन्हा भ्यायला बसत. कवडूला त्यांची कीव येत नसे, नुसता वैताग येई. त्याच्या मोहल्ल्यात भीती फुकट मिळायची, आणि कोणी तिच्यावर चर्चा ठेवत नसे.

त्या दिवशीचं पिक्चर काळंपांढरं होतं. एक म्हातारी. तिच्या घरात एक बंद खोली, खोलीत मेलेल्या सुनेचा माग. भर दुपारी खोलीतून खटखट ऐकू येई. म्हातारी दार उघडे तर मागावर धूळ. दार लावलं की पुन्हा खटखट. खाली इंग्रजी अक्षरं पळत होती. ती कवडूला वाचता येत नव्हती आणि त्याचं काही अडतही नव्हतं.

मग एकदा मागावर सून दिसली. हॉलमध्ये एक बाई चित्कारली. मशीनच्या खोलीतल्या झरोक्यातून कवडू मात्र खदखदून हसला. सुनेच्या हातून आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे पळत होता आणि कापड सुताएवढंही वाढत नव्हतं. धोट्यात सूतच भरलेलं नव्हतं. जपानात एवढे लोक, त्या नटीला सांगायला एक कोष्टी मिळाला नाही यांना.

शेवटी म्हातारीनं कातर घेतली. फणीत लोंबणारी सगळी टोकं कापली, ओढून काढली, चुलीत घातली आणि हातपाय ताणून झोपली. खटखट पुन्हा सुरू झाली. या खेपेला मागावर म्हातारी स्वतः बसलेली होती, रिकाम्या फणीसमोर रिकामा धोटा फेकत.

रीळ संपलं. हॉलचे दिवे लावायला कवडूला जरा उशीर झाला.

मग चर्चा. मनोहरराव कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि बाहेरही शिकवणं थांबवत नसत. "माग म्हणजे म्हातारीचं अबोध मन," ते म्हणाले. तेवढ्यात कवडू रिळाचे डबे घेऊन खाली आला. "हे आपले ऑपरेटर, कोष्टी समाजातले. काय कवडू, भीती वाटली का रे?"

"धोट्यात सूत नव्हतं, साहेब."

मग कोणीतरी हळूच "वा" म्हणालं. मनोहररावांनी खिशातून वही काढली आणि ते वाक्य लिहून घेतलं. "बघा, जे आपल्याला तासभर सांगता येत नाही ते हा माणूस चार शब्दांत सांगतो. रिक्त श्रम."

"खरंच नव्हतं, साहेब. भराले विसरले असतीन ते."

"काटा आला बाई अंगावर," एक स्वेटर दुसऱ्या स्वेटरला म्हणाली.

कवडूनं डबे आपटले आणि सायकल काढली. वाटभर तो मनात थुंकत होता. यांना ताण्यातलं बाण्यातलं कळत नाही, आणि दुसऱ्याची चूकही हे गोड मानून चाटतात.

घरी ईश्वरदासनं मागाच्या पाचरी ढिल्या करून ठेवल्या होत्या. "जवाई, फणी तेवढी राहिली. मी लावू का कातर?"

"आन इकडं."

कवडूनं टोकं डाव्या मुठीत धरली. चंद्रकला चुलीपाशी पाठ करून बसली होती. भाकर थापल्याचा आवाज येत होता, तो थांबला. कवडूनं कातर उघडली, मग मिटली.

"फणी अडकली हाय," तो म्हणाला.

"कुठं? सैल तर हाय ना."

"अडकली म्हनतो ना गा."

ईश्वरदासनं त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "पिच्चर पाहून भेले का, जवाई?"

"भेणारे धरमपेठेत राह्यतात. पाचरी ठोक वापस."

"मंग उमरेडवरून मले हवा खाऊ घालाले बोलावलं का?"

"भाऊ, हात धुवा," चंद्रकला आतून म्हणाली. "झुणका झाला हाय." भाकर पुन्हा थापली जाऊ लागली.

कवडूला स्वतःचा राग आला. धोट्यात सूत नसलेल्या एका पिक्चरनं त्याचा हात धरला होता. मनोहररावाला कळलं असतं तर त्यानं यावरही वहीचं पान भरलं असतं.

"कवडू, ये ना गा," बाहेरून नत्थूनं हाक दिली. "ऊन पडलं. धागे पटापटा तुटून राहिले."

कवडूनं कातर खुंटीला अडकवली, बाहेर येऊन ताण्याखाली वाकला, चिमूट ओली केली आणि पहिला तुटका धागा शोधू लागला.