टाकीच्या तोंडावरचा माणूस

सकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटं. मीरा रोडच्या पूनम सागरमधल्या एका सात मजली इमारतीच्या आवारात जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडं आहे आणि आत जितेश भुवड ब्रशनं भिंत घासतोय. पायाखाली घोट्यापर्यंत गाळ, कपाळाला बॅटरी, कमरेला दोर. दोराचं दुसरं टोक वर धाकूच्या हातात आहे.

"धाकू, हायस ना?"

"हाय रे. जातोय कुठं?"

थोडी भिंत घासून झाली की जितेश पुन्हा तेच विचारतो. कंपनीचा नियम खरं तर उलटा होता. वरच्यानं हाक मारायची आणि आतल्यानं ओ द्यायची. ओ आली नाही तर दोर ओढायचा. हल्ली हाक आतून येते.

जितेश या कंपनीचा मालक आहे. त्याच्या कार्डावर 'संस्थापक व टीम लीडर' असं छापलेलं आहे. टाकीत उतरणं हे मालकाचं काम नव्हे, आणि दीड वर्षापूर्वीपर्यंत तो उतरतही नसे.

तो मूळचा संगमेश्वर तालुक्यातला. एका पेस्ट कंट्रोल कंपनीत आठ-नऊ वर्षं काढल्यावर २००४ मध्ये त्यानं जुना पंप विकत घेतला आणि मीरा रोडच्या सोसायट्यांमध्ये पाण्याच्या टाक्या धुण्याचं काम सुरू केलं. इमारती रोज नव्या उभ्या राहत होत्या आणि गाळ सगळीकडे सारखाच होता. माणसं लागली तेव्हा त्यानं दुसरीकडे पाहिलंच नाही. पाचही जण स्वतःच्या वाडीतले घेतले. परके लोक सामान उचलून पळतात, आपली माणसं पळत नाहीत, असा त्याचा साधा हिशेब होता. त्या पाचांत काशीनाथकाका होते. कंपनीत ते पंप चालवायचे. वाडीत ते गावकार, म्हणजे वाडीच्या बैठकीत शेवटचा शब्द त्यांचा. जितेश त्यांना काम सांगताना "काका, जरा पंप बंद करता का?" असं विचारायचा. त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं.

२००६ च्या उन्हाळ्यात बेव्हर्ली पार्कमधल्या एका हॉलमध्ये छोट्या उद्योजकांसाठी दोन दिवसांचं शिबिर झालं. विषय होता नेतृत्व आणि संघबांधणी. जितेश इस्त्रीचा शर्ट घालून गेला. तिथे एक खेळ होता. डोळे मिटून मागच्या मागे पडायचं, मागे उभे असलेले झेलतात. कापडवाले, क्लासवाले सगळे ऐन वेळी गुडघे वाकवत होते. जितेश सरळ पडला. प्रशिक्षकांनी टाळ्या वाजवायला लावल्या. "याला म्हणतात ट्रस्ट! तुमची टीम ही तुमची फॅमिली आहे, हे या माणसाला कळलंय."

जितेशनं ते वाक्य घरी बायकोला, सुचेताला ऐकवलं. ती म्हणाली, "टीम फॅमिली? अहो, तुमची तर सगळी भावकीच हाय की टीममधे."

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास राघो टाकीत उतरला होता. राघो त्या पाचांतला सर्वांत हडकुळा, म्हणून आतलं काम त्याचं. धाकू अंगानं जाड, टाकीच्या तोंडातून आत जाणं त्याला जमत नाही, म्हणून तो कायम वर. धाकूचा फोन वाजला. आवारात रेंज मिळेना, तेव्हा दोर सोडून तो गेटपर्यंत गेला आणि बोलत राहिला. खाली ब्लिचिंगचा वास कोंडला. राघो बसला तो उठलाच नाही. आतून ब्रशचा आवाज थांबल्याचं वॉचमनच्या लक्षात आलं आणि त्यानंच दोर ओढला. राघो वाचला, संध्याकाळपर्यंत उलट्या करत राहिला.

जितेशनं शिबिरातल्या प्रशिक्षकांना फोन लावून घडलेलं सांगितलं. "सर, माणूस घरातलाच आहे."

"फॅमिली म्हणजे फीलिंगपुरती म्हणालो मी, भुवडजी. खरीखुरी नव्हे. वीक लिंक काढून टाका. बाकीची टीम स्ट्राँग होते."

जितेशनं त्याच दिवशी धाकूला काढलं. धाकू काशीनाथकाकांच्या बहिणीचा मुलगा.

वाडीच्या मुंबईकरांची बैठक दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भाईंदर पूर्वेला एका खोलीत भरते. ज्याला जाब द्यायचा असतो तो उभा राहतो, बाकीचे सतरंजीवर बसतात. त्या रविवारी जितेश उभा होता आणि त्याच्या समोर, भिंतीला पाठ टेकून, त्याचा पंप चालवणारा माणूस बसला होता.

"धाकूला काढलास?"

"काका, राघो मेला असता."

"मेला न्हाय ना? ह्यो काय, चहा पितोय." खोलीत हशा झाला.

"तोंडावरनं हलायचं न्हाय, हा कंपनीचा नियम हाय."

"कंपनी कुनाची?"

"माझी."

"आनि मानसं?" काकांनी विचारलं. "मानसं वाडीनं दिली तुला. ती काढनारा तू कोन?"

जितेशनं राघोकडे पाहिलं. राघोच्या बहिणीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. मांडवाला वाडी लागते. राघो बशीतला चहा संपवून म्हणाला, "मला काय जालं? जरा चक्कर आली, येवडंच."

जितेशनं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी कामावर कोणी आलं नाही, राघोसुद्धा.

मग त्यानं नाक्यावरून माणसं उचलली. धंद्याचे सर्वांत चांगले महिने तेच होते, असं तो आज स्वतःच सांगतो. त्यातला बंटी नावाचा चाळिशीचा माणूस टाकीच्या तोंडावर उभा राहिला की विडी ओढायलासुद्धा हलत नसे. ठरल्याप्रमाणे हाक मारायचा, ओ आल्याशिवाय दुसरीकडे बघायचा नाही. एकाही सोसायटीची तक्रार आली नाही.

मार्चमध्ये गावी शिमगा झाला. देवाची पालखी वाडीतल्या प्रत्येक घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात थांबते आणि नाचते. भुवडांचं खळं सारवून तयार होतं. पालखी शेजारच्या खळ्यात नाचली आणि भुवडांचं घर टाळून पुढच्या घराकडे वळली. रात्री वडिलांचा फोन आला. ते रागावले नाहीत. "तुजी आय अजून ताट घेऊन पडवीत उबी हाय," एवढंच म्हणाले. "तिला काय सांगू?"

एप्रिलच्या बैठकीत जितेशनं नारळ ठेवला आणि हात जोडले. बैठकीची अट एकच होती. ज्या जागेवरून धाकूला काढलं, त्याच जागेवर तो परत उभा राहणार. नाक्यावरच्या माणसांना जितेशनं लगेच नको म्हणून सांगितलं. बंटीनं विचारलं, "मेरी गलती क्या हुई, सेठ?" जितेशनं त्याची मजुरी पुढे केली. बंटी ती घेऊन निघून गेला.

पाचही जण कामावर परतले. पहिल्या दिवशी झाकण उघडलं, धाकूनं दोर हातात घेतला आणि जितेशनं राघोला हाक मारली. राघो पाइप गुंडाळत म्हणाला, "मी पंपावर बरा, दादा. श्वास लागतो आता." दुसऱ्याची कंबर धरली होती. तिसऱ्याला खाली वाकून काही दिसेना. बैठकीत ज्यांनी धाकूची बाजू घेतली होती, त्यातला एकही धाकूच्या हातात दोर देऊन आत उतरायला तयार नव्हता. तसं कोणी बोललं मात्र नाही. काशीनाथकाकांनी पंप सुरू केला आणि ते आकाशाकडे पाहत राहिले. जितेशनं शर्ट काढून राघोच्या हातात दिला.

तेव्हापासून तोच उतरतो.

पूनम सागरची टाकी पावणेआठला धुऊन होते. धाकू त्याला वर ओढून घेतो. "काय मालक, दमलात?" जितेशचे डोळे लाल झाले आहेत. तो तोंड धुतो आणि विचारतो, "फोन बंद होता ना?"

"सायलेंटवर होता. बंद कशाला? घरून फोन आला मंजे?"

काका पंप टेम्पोत चढवायला सांगतात आणि जितेश पंपाची एक बाजू धरतो.

पुढचं काम बेव्हर्ली पार्कमध्ये आहे. तिथल्या इमारतीत लिफ्टशेजारी सूचना लागली आहे: टाकी सफाईसाठी उद्या सकाळी सहा ते नऊ पाणी बंद. आत जितेश भुवड उतरेल. तोंडावर धाकू असेल.